ज्यानं फोडली त्यानं धरायची

रवळू आप्पांच्या फोटोला हार पडला तेव्हा आप्पा तिसऱ्या रांगेत बसून लिमलेटची गोळी चघळत होते. हार घालणारे पाहुणे होते, पण घालायला लावणारा मी.

गेल्या वर्षीचा पंधरा ऑगस्ट. आमचं गाव बेळगावजवळ, सांबऱ्याच्या विमानतळाच्या पलीकडं. इथं घराआड एक जवान आहे. नव्या माणसाला आम्ही ‘मिलिट्रीत होता काय?’ असं विचारत नाही, ‘कुठल्या बटालियनला?’ असं विचारतो. गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर या जवानांच्या फोटोंच्या दोन ओळी आहेत. खालच्या ओळीत नोकरी संपवून घरी आलेले आणि वरच्या ओळीत देवाघरी गेलेले. वरचे अकरा. त्यांना दर पंधरा ऑगस्टला हार.

युवक मंडळानं कार्यक्रम माझ्यावर सोपवला होता. कडोलीच्या साहित्य संमेलनात मी दोनदा खुर्च्या मांडल्या आहेत, त्यामुळं आपल्याला सूत्रसंचालन येतं असा माझा समज होता. नुसता झेंडा, नुसतं राष्ट्रगीत आणि नुसता चिवडा मला पुरेना. काहीतरी सरप्राइज पाहिजे होतं. ते मला रवळू आप्पांच्या दुकानात सापडलं.

आप्पांचं दुकान म्हणजे फोटो फ्रेम आणि काचकाम. भिंतीवरच्या सगळ्या जवानांचे फोटो त्यांनीच मढवलेले, आणि एकाचेही पैसे घेतलेले नाहीत. दुकानात एका खिळ्याला लष्करी पाण्याची बाटली लटकते. हिरवट कापडी पिशवीतली, पत्र्याची, एका बाजूला चेपलेली. शेजारी एक इंग्रजी पत्र फ्रेम करून लावलंय. त्याच्या डोक्यावर संयुक्त राष्ट्रांचा शिक्का आणि खाली कुठंतरी ‘कुवेत’ असा शब्द. आप्पा तरुणपणी कुवेतला होते हे सगळ्या गावाला माहीत. मी बी.ए. झालेला माणूस. बाटली, शिक्का आणि कुवेत यांची बेरीज करायला मला एक मिनिटही लागलं नाही. आप्पा शांतिसेनेत होते आणि स्वभावानं गप्प असल्यामुळं सांगत नव्हते. पत्र दोन ओळींच्या पुढं मी वाचलं नाही. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारलं असतं तर चहाच्या घोटात उत्तर मिळालं असतं, पण विचारलं तर सरप्राइज कसलं?

राजाक्का म्हणजे आप्पांची बायको. तिच्याकडून ‘मतदार यादीला पाहिजे’ अशी थाप मारून मी फोटो मिळवला आणि बेळगावात मोठा करून मढवला. आप्पांच्याच दुकानात द्यायची सोय नव्हती ना. खाली लिहून घेतलं, ‘संयुक्त राष्ट्र शांतिसेना, कुवेत.’ पंधरा तारखेला सकाळी सहाला मी वाचनालयात एकटाच. खालची ओळ भरलेली, नवा खिळा ठोकायला हातोडी नाही. वरच्या ओळीत अगदी डावीकडं एक खिळा मोकळा होता, पूर्वी तिथं कॅलेंडर असायचं. लावला फोटो.

पाहुणे निवृत्त सुभेदार होते, शिस्तीचे. ते डावीकडून सुरू झाले. पहिला हार, एक पाऊल मागं, सॅल्यूट. तो सॅल्यूट रवळू आप्पांना. मी माइकवर नाव पुकारलं.

राजाक्का बायकांच्यात बसली होती. तिनं कपाळावर हात नेला, कुंकू जागेवर आहे का बघायला नेतात तसा. आप्पा उठले. त्यांनी गोळी गालात सरकवली.

“साहेब,” ते म्हणाले, “मी जित्ता हाय. आन् मी कवाच मिलिट्रीत नव्हतो.”

हॉल हसला. सुभेदारही हसले, म्हणाले, “मग आयुष्य वाढलं तुमचं.” ते पुढं गेले, हार घालत, सॅल्यूट करत. मीही हसलो. हसण्यावारी गेलं म्हणून सुटलो असं वाटलं. आणि मग पाहुणे शेवटच्या फोटोपाशी पोचले आणि त्यांनी मागं हात केला, तर ताटात हार नव्हता.

हार अकराच आणले होते. एक आप्पांनी खाल्ला. म्हणजे माझ्यामुळं खाल्ला.

शेवटचा फोटो भावकूचा. मनुबाईचा मुलगा. नऊ वर्षांपूर्वी अरुणाचलात रस्ता खचला आणि त्याची गाडी दरीत गेली. वय सव्वीस. मनुबाई पहिल्या रांगेत बसते, दर वर्षी एकाच खुर्चीत, खिडकीजवळच्या. आप्पा तरातरा पुढं आले, त्यांनी स्वतःच्या फोटोवरचा हार काढला आणि भावकूच्या फोटोपर्यंत नेला. तिथं ते थांबले. एकाच्या गळ्यातनं उतरवलेला हार दुसऱ्याला घालत नाहीत. उतरवला की ते निर्माल्य. हार हातात घेऊन ते तसेच उभे राहिले. सुभेदारांनी हाराशिवाय सॅल्यूट केला, जरा जास्त वेळ. मनुबाईनं पदर सारखा केला आणि ती उठून गेली. माझ्या अंगावरनं गेली.

चिवडा त्या दिवशी उरला.

आता आप्पांच्या एका कायद्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. गावात पोरानं काच फोडली की आप्पा पैसे घेत नाहीत. पोरगं घेतात. मी चौथीत असताना शाळेची काच फोडली होती. वडील मला बखोटीला धरून पाकीट काढत दुकानात गेले. आप्पा म्हणाले, “पैसं ऱ्हाऊंदे. पोरगं द्या घटकाभर.” मग त्यांनी हिऱ्याच्या कलमानं काच कापली, शाळेत गेलो, चौकटीत काच बसवली, आणि मला दोन्ही तळहात तिच्यावर टेकवून उभं केलं. ते भोवतीनं लांबी, म्हणजे काच पक्की करायची पुट्टी, भरत होते, शांतपणे, चपातीच्या कडा दाबाव्यात तसे.

“हलू नगं. तू हललास तर दोघांचंबी रगात निघंल.”

“आप्पा, हात दुखाय लागले.”

“दुखूंदेत. ज्यानं फोडली त्यानं धरायची.”

वीस मिनिटं मी काच धरून उभा होतो. काचेपलीकडं माझा अख्खा वर्ग मला बघत होता. त्या काचेवर नंतर कुणी चेंडू मारायला आलं की मीच भांडायला उठायचो. आमच्या गावातल्या निम्म्या खिडक्या अशा कुणीतरी धरलेल्या आहेत. दोन पंचायत सदस्य आणि एक पोलीस यांनीही लहानपणी धरल्यात.

हे सगळं माहीत असून मी दुसऱ्या दिवशी काय केलं? गाडीला किक मारली, बेळगावला गेलो, फुलबाजारातला सगळ्यांत मोठा हार घेतला, झेंडू आणि निशिगंधाचा, माझ्या गळ्यात घातला असता तर गुडघ्यापर्यंत आला असता एवढा, आणि मनुबाईच्या दारात उभा राहिलो. ती कट्ट्यावर बसून शेंगा फोडत होती.

“काकी, हार आणलाय. भावकूदादाला.”

तिनं बघितलं. “ठेव जा तितं,” म्हणाली आणि शेंगा फोडत राहिली.

ठेवला मी गोठ्याच्या कट्ट्यावर. पाच मिनिटं उभा राहिलो. मग निघालो. संध्याकाळी पुन्हा त्या रस्त्यानं आलो तर तिच्या म्हशीनं झेंडू संपवून निशिगंधाला हात घातला होता. मनुबाई तिला हाकलत नव्हती.

मी तसाच आप्पांच्या दुकानात गेलो. माझ्यावर ओरडतील अशी अपेक्षा होती, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझीच फ्रेम उलटी करून मांडीवर घेऊन बसले होते.

“कुठनं करून आणलास ही?”

“बेळगावातनं.”

“कोपरा बघ. बोट जातंय मधनं.” त्यांनी खरंच बोट घालून दाखवलं. “मेल्याचा फोटो लावायचा तर लावायचा, जरा बऱ्या फ्रेमीत तर लावायचा रं.”

आतनं राजाक्का म्हणाली, “त्येला चा नगं देऊ. मतदार यादी म्हणं.” पण थोड्या वेळानं तिनंच चहा आणून ठेवला, माझ्याकडं न बघता.

मी म्हशीचं सांगितलं. आप्पा हसले नाहीत.

“म्हंजे पैसं टाकून आलास.”

“हार आप्पा, पैसे नव्हं.”

“त्येच ते. मी कवा म्हटलं हुतं तुला, मी मिलिट्रीत हुतो म्हणून?”

“ती बाटली आहे ना.”

“बाटली कुणाची हाय ते इचारलास?”

नव्हतं विचारलं. तेव्हा आप्पांनी ते सांगितलं. इतकी वर्षं मी दुकानात बसतो, पण त्यांना कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, एवढाच त्यांचा गप्प स्वभाव.

आप्पा चौऱ्याऐंशी साली कुवेतला गेले, काच बसवायला. मालक अबू खालिद. मोठं दुकान, रस्त्याकडंची अख्खी भिंत काचेची. खोलीत सोबतीला सदलग्याचा सुकुमार नावाचा माणूस, त्याच दुकानात हिशोब बघायचा. एक कानडीत शिव्या देणार, दुसरा मराठीत, आणि मालक दोन्ही ऐकून अरबीत हसणार. सहा वर्षं नीट गेली. राजाक्काला दर महिन्याला पत्र आणि पैसे. आणखी दोन वर्षं काढून बेळगावात स्वतःचं दुकान टाकायचं ठरलं होतं.

नव्वद सालच्या ऑगस्टच्या दोन तारखेला पहाटे इराकचं सैन्य शहरात शिरलं.

“भांडण काय हुतं आप्पा?”

“भांडणाला काय, काढल्यावर निघतंय. बांधाला बांध लागला की काय निघत न्हाय? पण शेजाऱ्याच्या घरात रणगाडा घालायचा, ह्येला काय कारण लागतंय?” आप्पांनी चहा बशीत ओतला. “सहा वर्सांत मी त्या गावात शेकड्यानं काचा बसवल्या हुत्या. आठ दिसांत येक धड ऱ्हायली न्हाय. रस्त्यानं चाललं की पायाखाली कराकरा वाजायचं. माझंच काम वाजायचं ते.”

अबू खालिद घरच्यांना घेऊन सौदीकडं पळाला. थोरला मुलगा दुकान बघायला मागं राहिला. त्याला एका दुपारी गाडीत घालून नेलं, तो परत आलाच नाही. आप्पा आणि सुकुमार दुकानाच्या मागच्या खोलीत दडून. चौथ्या-पाचव्या दिवशी एक सैनिक आला, अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याला पंखा पाहिजे होता. दार आतून बंद, म्हणून त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं दुकानाची मोठी काच फोडली, आत आला, टेबलावरचा पंखा उचलून गेला.

“दोन दिसांनी त्योच परत आला. मी तवा भोकाला नवी काच बसवाय बघत हुतो. रस्त्यावरचं कोणबी आत येत हुतं ना. पण काच पुरुषभर उंच, येकट्याला उचलंना. सुकुमार तापानं पडल्याला. ह्यो पोरगा बंदूक घेऊन हुबा. मी घाबरलो हुतो, पण डोस्कं फिरलं. मोडक्या अरबीत म्हटलं, तू फोडलीस ना, मग धर.”

“धर म्हणालात? बंदूकवाल्याला?”

“भीतीची येक हद्द असतीय, तिच्या पलीकडं मानूस मूर्ख हुतंय.” आप्पांनी माझ्याकडं बघितलं. “तू हद्दीच्या अलीकडंच झालास, त्ये येगळं.”

आणि त्यानं धरली. बंदूक पाठीला टाकली आणि तळहात काचेला लावून उभा राहिला. आप्पा भोवतीनं लांबी भरत होते. काचेच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला तो. नाव जब्बार. बसऱ्याकडचा. बापाचं पिठाच्या गिरणीचं काम. त्याला कुवेत हे गाव आहे की देश हेही धड माहीत नव्हतं. गाडीत बसवलं, उतरवलं, आणि हे आता आपलं आहे म्हणून सांगितलं.

“त्यो आतनं काच धरून हुबा ऱ्हायला. पलीकडनं त्येला सगळा रस्ता दिसत हुता, फुटल्याला. तोवर त्यानं बघितलाच नव्हता, नुसता चालून आलता.”

तर गावचा कायदा तिथला. मी समजत होतो आप्पांनी मनानं काढलाय.

सप्टेंबरात हे दोघं निघाले. बसमधून बसरा, बगदाद, मग जॉर्डनची सरहद्द, वाळवंटातले तंबू, अम्मान, तिथून विमान आणि मुंबई. निघायच्या दिवशी जब्बार येऊन आपली पाण्याची बाटली देऊन गेला. वाळवंटात पाणी मिळणार नाही म्हणाला. सुकुमार तंबूत चार दिवस त्याच बाटलीतल्या पाण्यावर होता. सहा वर्षांचं सगळं तिकडं राहिलं. कपाट, हत्यारं, बँकेतले दिनार, ट्रंकभर भांडी. आप्पा गावात उतरले तेव्हा अंगावर कपडे आणि खांद्याला ती बाटली.

“मग हे पत्र?”

“त्ये भरपाईचं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठरवलं, इराकनं काय कारण नसताना घर मोडलं, तर त्यानंच भरायचं. त्यांच्या तेलाच्या पैशातनं. सुकुमारनं सदलग्यात बसून निपाणी-चिकोडीकडच्या सगळ्यांचे कागद भरले, माझाबी. साताठ वर्सांनी पैसं आले, दोन तुकड्यांत. त्येच्यातनंच ह्ये दुकान.”

“मग झालं की. न्याय झाला.”

आप्पांनी फ्रेम बाजूला ठेवली. “झाला की. न्हाय कोण म्हणतंय? पण माझ्या कागदात काय इचारलं हुतं ठावं हाय? कुवेत कुठल्या तारखेला सोडलास. बास. काय फुटलं तुझं, म्हणून कोण इचारलं न्हाय. अबू खालिदच्या पोराचा कागद येगळा असंल, त्यात काय इचारलं असंल आनि बापानं काय लिवलं असंल, देव जाणे. आनि दुसरं. पैसं आले तवा रेडिओवर सांगायचे, इराकात पोरांस्नी औषध न्हाय, दूध न्हाय. राजी म्हणाली, पाटल्या करू. मला आपलं जब्बारच्या टोपल्यातली भाकरी उचलल्यागत वाटलं.”

“मग परत का नाही केले?”

“का करू?” ते पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. “माझी सहा वर्सं फुटली हुती. फोडणाऱ्यानं भरायलाच पायजे, त्यात दयामाया कसली? दया येगळी, भरणं येगळं. येका डब्यात घालू नगं दोन्ही, नासतंय. हुकूम सोडणारा येक, फोडणारा दुसरा आन् भरणारा तिसराच, ह्ये खरं हाय. पण भरलं का न्हाय त्या देशानं? तीस वर्सं भरलं.”

ते उठले, खिळ्यावरची बाटली त्यांनी काढली. तिच्यामागं वर्तमानपत्राचं एक कात्रण चिकटवलं होतं, दोन वर्षांपूर्वीचं. इराकनं कुवेतच्या भरपाईचा शेवटचा हप्ता भरला, अशी दीड इंचाची बातमी. इतकी वर्षं बाटलीकडं बघून मी शांतिसेना उभी केली, आणि बाटली उचलून बघितली नव्हती.

“पैसं टाकून झाल्यावर काम संपत न्हाय, तितनं सुरू हुतंय,” आप्पा म्हणाले. “जब्बारनं काच धरली त्ये मला दुकानापरास जास्त पुरलंय. मनुबाईकडं जा. हार नेऊ नगं.”

“मग काय नेऊ?”

“तोंड घेऊन जा. आन् इचार, काय फुटलं म्हणून.”

तोंड घेऊन जाणं हार घेऊन जाण्यापेक्षा अवघड असतं. मी दोन दिवस लावले. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मनुबाई म्हशीला पाणी दाखवत होती. म्हशीनं मला ओळखलं असावं, तिनं मान वर करून माझ्या हाताकडं बघितलं.

“काकी, चूक माझी हाय. आप्पांचा फोटो मी लावला. हार मी मोजून आणले, फोटो मोजले न्हायीत. भावकूदादा तसाच ऱ्हायला.”

मनुबाईनं बादली म्हशीपुढं तशीच धरून ठेवली.

“काय करू सांगा. जे सांगशीला ते करतो.”

“हार काय रं,” ती म्हणाली, “दोन दिसात वाळतोय.” बादली तिनं खाली ठेवली. “तू इचारतोस म्हणून सांगते. नऊ वर्सं झाली, सगळे येत्यात, सॅलूट मारत्यात, शाल देत्यात. शाली पाच झाल्या. कोण इचारलं न्हाय.”

मी बादली म्हशीपुढं सरकवली.

“त्येचा फोटो खिडकीसमोर हाय. सकाळचं ऊन सरळ काचंवर येतंय. मी जाते बग, दर पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला. मधनंबी जाते, वाचनालय उघडं दिसलं की. पोर दिसत न्हाय. काचंत माझंच तोंड दिसतंय.” तिनं पदरानं हात पुसले. “आधी वाटायचं, सरकून बघू. कसंबी सरकलं तरी मीच.”

नऊ वर्षं ती पहिल्या रांगेत बसायची. आम्ही समजायचो, मान म्हणून बसते.

मी आप्पांना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं हिऱ्याचं कलम खाली ठेवलं. तो फोटो त्यांनीच मढवला होता, काच त्यांनीच निवडली होती, चांगली, चकचकीत, जवानाच्या फोटोला शोभणारी.

“म्हंजे माझंबी हाय की ह्यात,” म्हणाले. “चल. गाडी काढ.”

बेळगावला जाऊन मॅट काच आणली. या काचेवर उजेड सांडतो, पण चमकत नाही. वाचनालयातनं भावकूचा फोटो उतरवला आणि दुकानात आणला. मनुबाईला मी निरोप दिला होता. ती आली आणि बाकड्याच्या टोकाला बसली. राजाक्का तिच्याजवळ बसली. राजाक्का माझ्याशी अजून बोलत नव्हती, पण तिनं मनुबाईला ‘मतदार यादी’ची गोष्ट सांगितली, आणि मनुबाई पदर तोंडाला लावून हसली. मला कुणी हसलं म्हणून बरं वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

काच वहीएवढी होती. आप्पांनी ती मापात कापली, कडा घासल्या, चौकटीत ठेवली. अशा काचेला धरायला माणूस लागत नाही, अंगठ्यानं दाबून बारीक खिळे मारता येतात. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी दोन्ही तळहात टेकवले.

“हलू नगं,” ते म्हणाले.

एक तळहात भावकूच्या खांद्यावर, एक टोपीवर. मधून त्याचा चेहरा. मी त्याला असा जवळून कधी बघितला नव्हता. उजव्या भुवईत एक खूण होती.

“ती कशाची गं, मनुबाई?” राजाक्कानं विचारलं.

“चिंचंवरनं पडला हुता. पाचवीत,” मनुबाई म्हणाली. मग तिनं चिंचेचं सांगितलं. मग शाळा चुकवून विमानं बघायला सांबऱ्याला गेल्याचं. मग भरतीच्या आदल्या दिवशी वजन कमी भरेल म्हणून सोळा केळी खाल्ल्याचं. आप्पा खिळे मारत होते, मुद्दाम हळू मारत होते असं मला वाटलं. माझे हात दुखायला लागले. मी सांगितलं नाही.

फोटो परत लावताना आम्ही त्याला डावीकडच्या पहिल्या खिळ्यावर लावलं, जिथं मी आप्पांना लावलं होतं. खिडकीपासून लांब. मनुबाई समोर उभी राहिली. सरकली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “व्हय. ह्योच.”

माझी ती बेळगावची फ्रेम आप्पांनी वाया घालवली नाही. कोपरा नीट जुळवला आणि शांतिसेना काढून आत आरसा बसवला. राजाक्का त्याच्यात बघून कुंकू लावते. मी गेलो की म्हणते, “ये रं. नवऱ्याला मारलास, पर आरसा झ्याक दिलास.”

डिसेंबरात मी दुकानात गेलो तेव्हा ती सुपात नवा बासमती घेऊन बसली होती, रानातला, त्याच आठवड्यात भरडून आणलेला. आप्पांनी खिळ्यावरची बाटली काढली, टोपण फिरवलं आणि उपडी केली. आतून तांदूळ पडले, मागच्या वर्षीचे.

“हे काय?”

“दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत्यात व्हय?” राजाक्का म्हणाली. “तोंड बारीक हाय तिचं. तांदळाबिगर कायबी जात न्हाय. पैल्या वर्षी गूळ चेचून घातला हुता, मुंग्या झाल्या.”

“दर वर्षी बदलता?”

“जुनं द्यायचं व्हय त्येला?”

जब्बार आज असला तर पन्नाशी ओलांडलेला असेल. नसला तर नसेल. कुवेतमधून परत पळताना त्या सैन्यावर वाटेत विमानांतून बॉम्ब पडले ते आप्पांना ठाऊक आहे, पण त्याबद्दल ते बोलत नाहीत. मी म्हणालो, “आप्पा, फेसबुकवर शोधू काय? बसरा, जब्बार, बापाची गिरणी.”

“नगं रं बाबा. तू शोधशील आन् भलत्याच कुणाच्या फोटोला हार घालून येशील.”

तरी मी शोधतोय. आतापर्यंत चाळीस जब्बार निघालेत, त्यांतले दोन दंतवैद्य आहेत, आणि एकानं मला उलट विचारलंय की आपण कोण. त्याला काय लिहायचं ते अजून ठरत नाही.

राजाक्कानं सुपातून मूठ भरली. बाटली हलू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरली आणि आप्पांनी तोंडाशी कागदाचं नरसाळं लावलं. दाणा दाणा आत गेला. बाटली गळ्यापर्यंत भरली तेव्हा वरून विमान गेलं, सांबऱ्याला उतरणारं. आप्पांनी टोपण घट्ट केलं, चेपलेली बाजू फडक्यानं पुसली आणि बाटली परत त्याच खिळ्याला लावली.